झील

क्वान हो म्हणजे उत्तर व्हिएतनाममधली जोडीने गायची लोकगीतं. ती गाणाऱ्या दोघींचे दोन आवाज वेगवेगळे ऐकू आले, तर गाणं बिघडलं असं समजायचं. एक जण पुढे होऊन ओळ उचलते. दुसरी एखाद-दोन अक्षरं गेल्यावर त्याच ओळीत शिरते, आणि तिथून पुढे समोरच्याला एकच बाई गातेय असं वाटलं पाहिजे. पहिलीचा दम सरतो तिथे दुसरीचा भरलेला असतो, म्हणून ओळ कुठे तुटत नाही. खालचा स्वर एकीला, वरचा दुसरीला अशी वाटणी नसते. स्वर तेच, शब्द तेच, आणि आवाजाचा पोतही होता होईल तो तोच.

माझं सगळं गाणं याच्या नेमक्या उलट दिशेने शिकून झालं होतं. साताऱ्याला ज्या बाईंकडे शिकले त्या गळा ओळखून शिकवायच्या. तुझा आवाज वेगळा आहे, तो झाकू नकोस, असं सतत सांगायच्या. गांधर्वच्या परीक्षा, गणपतीतल्या स्पर्धा, कॉलेजचं गॅदरिंग, सगळीकडे आपण वेगळ्या ऐकू यावं हीच धडपड. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, पुण्यात घर. गाणं उरलं ते कामावर जाताना गाडीत म्हणण्यापुरतं. कंपनीने व्हिएतनामला पाठवलं तेव्हा फोनमध्ये तानपुऱ्याचं ॲप होतं आणि बॅगेत बाईंनी लिहून दिलेल्या चिजांची वही. त्यापलीकडे काही होईल असं वाटलं नव्हतं.

बाक निन्ह हे हॅनोईच्या ईशान्येला तीसेक किलोमीटरवर. आपल्याकडे कुणाला सांगायचं तर 'सॅमसंगचा मोठा कारखाना आहे ना, तिथे' असं सांगते. येन फाँगला तो अवाढव्य कारखाना, त्याच्या आजूबाजूला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांची रांग, आणि त्यातल्या एकीत मी क्वालिटी बघते. पहिले काही महिने मला बाक निन्ह म्हणजे एवढंच ठाऊक होतं: शेड, कंटेनर, शिफ्ट सुटताना स्कूटरींचा लोंढा. मध्येच भाताची खाचरं दिसायची, एखादं देऊळ, एखादं तळं. त्या खाचरांमधली ४९ गावं क्वान होची मूळ गावं मानली जातात, हे मला कामावरच्याच एका मुलीने सांगितलं.

ती आमच्या इन्स्पेक्शन लाइनवर होती. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता गुणगुणायची. मी ऐकत उभी राहिले तर लाजली आणि म्हणाली, हे माझं नाही, माझ्या आजीचं आहे. येत्या रविवारी ये घरी.

व्हिएतनामीत आजीला 'बा' म्हणतात आणि मीही त्यांना बा अशीच हाक मारते. पण इथे आपलं आजी म्हणते, वाचायला बरं. वय ऐंशीच्या पुढे, बांधा किरकोळ, केस एका मखमली पट्टीत गुंडाळून डोक्याभोवती फिरवलेले, तोंडात पान. भिंतीवर पूर्वजांचा देव्हारा, शेजारी सरकारी सन्मानपत्राची चौकट, आणि त्याखाली बराच मोठा टीव्ही. मी भारतातली आहे म्हटल्यावर पहिला विषय निघाला तो त्या टीव्हीचा. आपल्याकडची बालविवाहावरची एक हिंदी मालिका व्हिएतनामी आवाजात इथे वर्षानुवर्षं चालली, आणि शेजारच्या दोन बायका खास त्या मुलीचं पुढे काय झालं ते विचारायला आल्या होत्या. मी ती कधी बघितलेली नव्हती. त्यांचा चांगलाच विरस झाला. आजींनी मात्र दुसरंच काढलं. इथून जवळच थुआन थान्हला दाऊ नावाचं फार जुनं बौद्ध देवालय आहे, आणि तिथल्या कथेत भारतातून आलेला एक भिक्षू आहे. ती कथा त्यांनी सविस्तर सांगितली, नातीने मोडक्या इंग्रजीत माझ्यापर्यंत पोचवली, आणि शेवटी आजी म्हणाल्या, तुमच्याकडचे लोक इथे पूर्वीपासून येतात. मग म्हणाल्या, गा काहीतरी.

मी तुकारामांचा अभंग गायले. चांगला गायले, असं आजही म्हणेन. आजींनी डोळे मिटून ऐकला. मग विचारलं, "याला उत्तर कोण देतं?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"मग तुला थांबायचं कधी ते कसं कळतं?"

या प्रश्नावर मी शिकायला जायचं ठरवलं.

क्वान होमध्ये गाणं कुणाला तरी उद्देशून असतं, आणि ज्याला उद्देशून असतं तो समोर बसलेला असतो. एका गावच्या दोन बायका गातात, दुसऱ्या गावचे दोन पुरुष त्याला उत्तर देतात. बायकांना लिएन ची म्हणतात, पुरुषांना लिएन आन्ह. अट अशी की ज्या चालीत विचारलं त्याच चालीत उत्तर यायला हवं, शब्द मात्र वेगळे. चाल येत नसेल तर तुम्ही हरलात. पण हरलात असं कुणी म्हणत नाही, विषय हळूच बदलतात, आणि तेच जास्त लागतं. हे ऐकल्यावर मला साहजिकच कलगी-तुऱ्याची आठवण झाली. पण कलगी-तुऱ्यात समोरच्याला कोड्यात पाडायचं असतं, डफावर थाप मारून त्याला उभ्या गावासमोर गप्प करायचं असतं. इथे सगळा खेळ नम्रतेचा. दोन्ही बाजू स्वतःला धाकटं म्हणवतात आणि समोरच्याला थोरला भाऊ, थोरली बहीण. ऐंशी उलटलेल्या आजी तिशीतल्या गड्याला 'थोरले दादा' म्हणून हाक मारतात आणि स्वतःला 'मी धाकटी' म्हणतात, तेव्हा पहिल्यांदा हसू येतं. नंतर येत नाही.

नावाने तर कुणी कुणाला हाक मारतच नाही. गाणाऱ्यांच्या टोळीत थोरलीला ची हाय, तिच्या खालच्या मुलीला ची बा, असा क्रम असतो आणि तोच हाक मारायला वापरायचा. आजी त्यांच्या टोळीच्या ची हाय. टोळीतल्या बाकीच्या दोघीतिघीच उरल्या आहेत.

गावंही जोडलेली असतात. काऊ नदीच्या काठचं झिएम हे गाव क्वान होचं मूळ मानतात, तिथे क्वान होच्या आद्य देवीचं देऊळ आहे. त्या झिएमचं नातं होआय थी गावाशी. अशी जोडलेली गावं एकमेकांची भावंडं समजली जातात, पिढ्यान्‌पिढ्या, आणि त्यामुळे त्यांच्यातल्या गाणाऱ्यांनी आपसात लग्न करायचं नाही. एवढी आर्जवं, एवढा विरह, रात्रभर एकमेकांना उद्देशून प्रेमाची गाणी, आणि पहाटे आपापल्या घरी. आयुष्यभर हेच. मी आजींना एकदा धीर करून विचारलं, कधी कुणी मोडलं नाही का हे? त्यांनी पान थुंकलं आणि नातीला म्हणाल्या, हिला चहा दे.

शिकवण्याची पद्धत त्यांना त्यांच्या लहानपणी मिळाली तीच. तेव्हा गावातल्या मुली रात्री एखाद्या जाणत्या बाईच्या घरी झोपायला जायच्या. जेवणखाण आटोपून, अंथरुणं टाकून, दिवा बारीक करून गाणी. झोप येईपर्यंत गायचं, सकाळी उठून शेतावर. त्या झोपण्यातच जोड्या लागायच्या: कुणाचा गळा कुणाला जुळतो, कुणाची उंची कुणाला, कुणाचा स्वभाव. जोडी एकदा लागली की बदलायची नाही. आजींची जोडीदारीण काही वर्षांपूर्वी गेली. तिच्यानंतर त्या माणसांत गायल्या नाहीत, शिकवतात फक्त. हे मला नातीने सांगितलं, त्यांनी नाही.

मला त्यांनी नातीच्या जोडीला बसवलं. उंची जवळपास सारखी, बाकी काही सारखं नाही. ती उचलणार, मी शिरणार.

पहिले कितीतरी रविवार गाणं नव्हतंच. नुसतं बोलणं. दोन ओळींचं कडवं, सहा अक्षरांची एक ओळ आणि आठ अक्षरांची दुसरी. व्हिएतनामी लोकगीतांचं हे ओवीसारखं मुरलेलं वृत्त. कवी न्गुएन झूने याच वृत्तात ३,२५४ ओळींचं 'किएउ'चं काव्य लिहिलं, आणि क्वान होवाल्यांनी त्यातल्या ओळी बिनदिक्कत उचलून आपल्या गाण्यात घातल्या. तर त्या चौदा अक्षरांचं आधी पाठांतर. आजी म्हणायच्या, मी म्हणायची. उत्तरेकडच्या व्हिएतनामीत प्रत्येक अक्षराला सहांपैकी एक चढउतार असतो: कुठलं सपाट, कुठलं खाली उतरणारं, कुठलं वर जाणारं, कुठलं मध्येच मोडून पुन्हा उठणारं, कुठलं पडल्यासारखं थांबणारं. मला वाटायचं, हे सगळं बोलण्यापुरतं. गाताना चाल सांभाळेल. पण चाल त्या चढउतारांवरच बसवलेली असते. वर जाणाऱ्या अक्षरावर स्वराला खालून यावं लागतं. पडणाऱ्या अक्षरावर तो दाबून धरावा लागतो. त्याच चालीवर दुसरे शब्द ठेवले की चाल जागोजाग वाकते. युनेस्कोने २००९ साली क्वान होला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हाच्या नोंदीत चारशेवर गीतं आणि चालींचे २१३ प्रकार असा हिशेब आहे. तो वाचून मी विचारलं होतं, उत्तर त्याच चालीत द्यायचं तर अवघड काय? अवघड हे की ती चाल तुमच्या शब्दांसाठी तुम्हालाच वळवून घ्यावी लागते, आणि तरी समोरच्याला ती आपलीच वाटली पाहिजे.

चौदा अक्षरं तोंडात बसली की मग त्यात भरण. जुन्या संथ चालींमध्ये, ला झांग ही त्यातली पहिली, शब्दांपेक्षा भरणाची अक्षरं कितीतरी जास्त: हु हू ला, इ हि, ओ हो, तिन्ह तांग. दोन ओळी गायला काही मिनिटं लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ ज्यांना काही अर्थ नाही अशा अक्षरांवर जातो. पोवाड्यातल्या झीलकऱ्यांचं 'जी रं जी' आठवा. शाहिराला दम घ्यायला उसंत देणारं, वाक्याला शेपूट लावणारं, ज्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही असं. आजींच्या मते क्वान हो गायला येतं की नाही हे तिथेच कळतं. शब्द कुणीही म्हणेल.

आणि त्या अक्षरांवर काय करायचं तर दाणे पाडायचे. इथले जाणते चांगल्या आवाजाचे चार गुण सांगतात, वांग, झेन, नेन, नाय. आवाज दुमदुमला पाहिजे, सलग भरलेला पाहिजे, आबदार पाहिजे, आणि त्यात दाणा उमटला पाहिजे. पहिल्या तिघांची मला भीती नव्हती. चौथ्याने घाम काढला. आपल्याकडे तान दाणेदार म्हणतो तेव्हा स्वरागणिक एक दाणा असतो, स्वर पुढे सरकत असतो. इथे स्वर जागचा हलत नाही. एक लांब स्वर धरायचा, आणि त्याच्या शेवटाकडे घशात, अगदी वरच्या बाजूला, हवा क्षणभर अडवून सोडायची, पुन्हा अडवून सोडायची. आवाज थांबत नाही, पण त्याच्यावर बारीक गाठी उमटतात. गमक करायला गेलं की पोट हलतं आणि सगळं जड होतं. खटका घेतला की शेजारचा स्वर लागतो. आजी माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवायच्या. कातडी सैल, खालची नस दिसणारी, आणि त्या गात असताना बोटांना लागायचं ते इतकं थोडं की हे खरंच घडतंय की माझ्याच बोटांतली नाडी, कळायचं नाही. तोंड जेमतेम उघडलेलं. गालात पान. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू. आणि तो आवाज ओसरीच्या बाहेर तळ्यापर्यंत जायचा.

मी सरगम लिहून घ्यायचे. ते आजींना फार करमणुकीचं वाटायचं. पण मला सरगमने एक गोष्ट दिली जी त्यांनी सांगितली नसती. चाली पाच स्वरांच्या, म्हणून मी सुरुवातीला दुर्गा राग धरून बसायचे: सा रे म प ध. अर्ध्यावर गेलं की काहीतरी घसरायचं, आणि शेवट भूप रागात झाल्यासारखा वाटायचा. दुर्गाच्या मध्यमाला षड्ज मानला की भूप होतो, हे मूर्छनेचं गणित बाईंनी शाळकरी वयातच करून घेतलं होतं. ते इथे पाच-सहा अक्षरांच्या अंतरात, कुणालाही न सांगता, घडत होतं. षड्जाची बैठकच बदलायची. कधी एखादा नवा स्वर यायचा, जुना मुकाट्याने निघून जायचा. तानपुऱ्याचं ॲप मी त्याच दिवशी बंद केलं. एका जागी बसलेला सा इथे आडवा येतो. आजींच्या घरात तसाही कुठला सा नसतो: जुन्या पद्धतीच्या क्वान होला वाद्य नाही, ताल धरणारं कुणी नाही, उचलणारी जिथून उचलेल तो त्या वेळेचा सूर.

वाद्य नाही म्हणताना एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे, कारण तो मला मनापासून आवडला. व्हिएतनाममध्ये गळ्यात अडकवून दोन्ही तोंडांनी वाजवायचा एक लांबट ढोल आहे, त्रोंग कोम, भाताचा ढोल. सूर लावायला त्याच्या पुडीच्या मधोमध शिजवलेला भात मळून लावतात. पखवाजाच्या धुमाला आपण कणीक लावतो, तसा. हा ढोल भारताकडून, आताच्या मध्य व्हिएतनाममधल्या जुन्या चंपा राज्यातून उत्तरेला आला असं मानणारे अभ्यासक आहेत. बाक निन्हमध्ये याच्यावर एक उडत्या चालीचं गाणं आहे, शाळेतल्या पोरांनाही येतं. आजींना मी पखवाजाचा व्हिडिओ दाखवला. कणीक लावताना बघून त्या म्हणाल्या, गव्हाची? म्हणजे तुमच्याकडे भात कमी पिकतो.

नातीचं आणि माझं सुरुवातीला जुळलं नाही. ती लाइनवर असते तशीच गाण्यात, नेमकी, चटपटीत, दाणे सुबक. मी तिच्या मागून शिरायचे ते पुढे निघून जायचे. स्वर मिळत होते, शब्दही मिळत होते. आजी पान कुटत बसलेल्या असायच्या, दात उरले नाहीत म्हणून छोट्या खलबत्त्यात, ठक ठक ठक, आणि ती ठकठक थांबली की आमच्यापैकी कुणाचं तरी काही चुकलं असं समजायचं. "तू ऐकू येतेस" एवढंच म्हणायच्या. मला. नेहमी मलाच.

मी आवाज बारीक करून बघितला. "आता तू घाबरलेली ऐकू येतेस." नातीच्या आवाजाची नक्कल करून बघितली. "आता दोन नाती झाल्या, मला एक पुरे." शेवटी एका रविवारी त्यांनी आम्हाला गायलाच लावलं नाही. पानं पुढे ठेवली आणि विडे करायला बसवलं. पाहुण्यांना द्यायचा क्वान होचा विडा साधा नसतो. पानाच्या कडा कात्रीने कापून पंखासारख्या दुमडायच्या, आत चुना, सुपारीची फोड, सालीचा तुकडा, आणि तबकात मांडला की पक्षी बसल्यासारखा दिसला पाहिजे. कात नसतो. तर एका विड्याला आम्ही दोघी: तिने पान धरायचं, मी कापायचं, तिने दुमडायचं, मी खोचायचं. बोलायचं नाही. पहिले विडे भयंकर झाले. मग हळूहळू तिचा अंगठा कधी सैल होतो ते मला बघावं लागेनासं झालं. तबक भरल्यावर आजी म्हणाल्या, आता गा. आणि त्या दिवशी खलबत्ता थांबला नाही.

विड्यांनी गाणं सुधारतं असा माझा दावा नाही. कदाचित आम्ही दोघी दमलो होतो म्हणून नीट गायलो. पण तेव्हापासून मी शिरताना स्वर शोधत नाही, तिचा श्वास शोधते.

इथे थोडं लिमच्या जत्रेबद्दल. चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात तेराव्या दिवशी, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या माघ शुद्ध त्रयोदशीच्या आगेमागे, लिमच्या टेकडीवर क्वान होचा सगळ्यात मोठा मेळा भरतो. तंबूतंबूतून गाणी, तळ्यात नावांवर गाणी, बायकांच्या डोक्यावर चोचीसारखा पुढे आलेला काळा रुमाल आणि हातात परातीएवढी सपाट टोपी, पुरुषांच्या हातात काळ्या छत्र्या. आणि ध्वनिक्षेपक. एका तंबूतलं गाणं दुसऱ्यात घुसतं, मागे कीबोर्ड, इको लावलेला. टोपी उलटी धरून प्रेक्षकांकडून पैसे घेण्याची रीत मध्यंतरी इतकी बोकाळली की प्रशासनाने त्यावर बंदी घातली. क्वान होच्या जाणत्यांना ही पैसे घेण्याची रीत फार झोंबते, कारण गाणं हे पाहुण्याला दिलेलं असतं आणि पाहुण्याकडून गाण्याशिवाय काही घ्यायचं नसतं.

नात लिमला गाते. कीबोर्डवर, माइकवर, झगमगीत कपड्यांत, आणि छान गाते. मी तिथे नाक मुरडायला गेले होते, आजींची शिष्या म्हणून. आजींनी मात्र तिचा व्हिडिओ दोनदा बघितला आणि टोपी जरा कलती धर म्हणाल्या. या मंचावरच्या क्वान होचा इतिहासही साधा नाही. १९६९ साली, युद्ध चालू असताना, बाक निन्ह ज्यात होतं त्या तेव्हाच्या 'हा बाक' प्रांताने व्यावसायिक गाणाऱ्यांचं पथक उभं केलं, आणि त्यातल्या मुली गावोगाव म्हाताऱ्यांच्या घरी राहून चाली शिकल्या. त्या वेळी गावात लिएन आन्ह नव्हते, तरणी माणसं आघाडीवर होती. आजी सांगतात, आम्ही विचारायचो आणि उत्तराची बाजूही आम्हीच गायचो, चाल विसरू नये म्हणून. ज्या चाली त्या दिवसांत विसरल्या गेल्या नाहीत, त्यांत त्या पथकाचाही वाटा आहे. कीबोर्ड मला अजूनही आवडत नाही. पण तो माझ्या कानाचा प्रश्न आहे, क्वान होचा नव्हे.

खरं क्वान हो घरात होतं, रात्री. जोडलेल्या गावाचे पाहुणे येतात, चटईवर समोरासमोर बसतात, विडा आणि चहा फिरतो, त्याचीही गाणी असतात. मग आधी संथ जुन्या चाली, त्या गायल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग हलक्या, मजेच्या. मध्यरात्रीनंतर निरोपाच्या. माझ्यासारख्या परक्या बाईला अशा बैठकीत कोपरा मिळणं हीच मोठी गोष्ट होती. गायला बसवतील असं वाटलं नव्हतं. नातीने तिचा जादा अंगरखा मला घातला, रुमालाची चोच शेजारच्या बाईंनी तीनतीनदा सोडून बांधली. समोर दोन लिएन आन्ह, एक शिक्षक आणि एक ट्रक चालवणारा. आमची ला झांग झाली. त्यांनी उत्तर दिलं, डोळे खाली, मांडी न मोडता, आणि ट्रकवाल्याच्या घशातले दाणे असे पडत होते की मला पुढचं कडवं आठवेना. नातीने उचललं. मी शिरले. आजी मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या, मला दिसत नव्हत्या, आणि खलबत्ता त्यांनी आणला नव्हता.

मग पाहुण्यांनी एक चाल टाकली जी आमच्याकडे नव्हती. नातीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोन्हीकडे सगळे अत्यंत सभ्यपणे चहाच्या कपात बघायला लागले. आणि मागून आवाज आला. आजींनी उत्तर उचललं होतं. एकट्याच. जोडीदारीण गेल्यापासून माणसांत न गायलेला तो आवाज थोडा घोगरा होता, मध्ये दम घ्यायला थांबत होता, आणि जिथे थांबत होता तिथे ओळ तुटत होती. दुसऱ्या ओळीत नात शिरली. तिला ती चाल येत नव्हती. पण पुढचा स्वर कुठे असेल ते तिला कळत होतं. मी शिरले नाही. मला कळत नव्हतं, आणि न कळता शिरणं योग्य नव्हतं.

घरी परतताना आजी नातीच्या स्कूटरवर मागे बसून तिला चुका सांगत होत्या. मी शेजारून चालवत होते, मला अर्धंच ऐकू येत होतं. माझा विषय बंधारा संपता संपता निघाला. म्हणाल्या, गप्प बसलीस ते बरं केलंस, पण पुढच्या वेळी चालणार नाही.

सध्या ती चाल चालू आहे. पाठांतर झालंय, भरण बसतंय, दाणे अजून लंगडे आहेत. माझी इथली मुदत कंपनीने वाढवली आहे, त्यामुळे घाई नाही. नातीला वाटतं, ते दोघे पुन्हा आले की तीच चाल टाकतील. आजींना वाटतं, अजिबात नाही, ट्रकवाला लबाड आहे, तो दुसरी टाकेल. म्हणून दुसरीही घेतली आहे, आणि शिक्षकाच्या काकांना येणारी एक तिसरी.